कोलिसिन सोडणारी पेशी स्वतः फुटून मरते, तर मग हा गुण टिकतो कसा?

जिज्ञासा:

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील परिसंवादासाठी मी बॅक्टेरिओसिन हा विषय निवडला आहे. जिवाणू आपल्या निकटच्या नात्यातील प्रतिस्पर्धी स्ट्रेनना (जिवाणूंच्या वाणांना) मारण्यासाठी जी प्रथिनरूप विषे तयार करतात ती बॅक्टेरिओसिने, आणि ई. कोलाय हा आतड्यातील जिवाणू व त्याचे आप्त यांची कोलिसिने हा त्यांतील सर्वांत जुना व बारकाईने अभ्यासलेला गट, इथवर पाठ्यपुस्तकांतून कळले. प्रयोगशाळेत नेहमीची चाचणीही करून पाहिली. कोलिसिन तयार करणाऱ्या स्ट्रेनचा ठिपका आगरवर (जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर) रात्रभर वाढवला, क्लोरोफॉर्मच्या वाफेने त्यातील पेशी मारल्या, वाफ पूर्णपणे उडून गेल्यावर वरून संवेदनशील ई. कोलाय मिसळलेल्या मऊ आगरचा पातळ थर ओतला आणि बशी पुन्हा उबवणीला ठेवली. दुसऱ्या दिवशी सर्वत्र दुधाळ वाढ झालेली असताना ठिपक्याभोवती मात्र रेखीव, नितळ वर्तुळ उमटलेले होते. ई. कोलायऐवजी स्टॅफिलोकॉकस मिसळलेल्या थरात असे काहीही दिसले नाही.

माझ्या शंका तीन आहेत. हे विष फक्त जवळच्या नातलगांनाच का मारते? ते तयार करणारी पेशी ते अंगात बाळगूनही सुरक्षित कशी राहते? आणि तिसरी शंका, जिच्यामुळे खरे तर हा धागा काढला, ती अशी: कोलिसिन बाहेर पडण्यासाठी ते बनवणारी पेशी फुटावी लागते, असे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी लिहिलेले आहे. फुटलेल्या पेशीला संतती नाही. मग ज्या जनुकाचा वापर करणे म्हणजेच मरणे, ते जनुक नैसर्गिक निवडीच्या चाळणीत टिकून कसे राहिले? ‘समूहाच्या हितासाठी बलिदान’ असे एका ओळीचे स्पष्टीकरण एका ठिकाणी वाचले, पण त्याने समाधान झाले नाही. बलिदान न करणारी पेशीही त्याच समूहात असते आणि फायदा तिलाही मिळतो.


प्रथिनपुराण:

पहिल्या दोन शंकांचे उत्तर कोलिसिनच्या रचनेतच आहे, म्हणून तेवढ्यावर लिहितो. तिसरीवर जीवसमूहांचा अभ्यास करणाऱ्यांनी लिहिलेले बरे.

कोलिसिन हे बऱ्यापैकी मोठे, साधारणपणे ३० ते ८० किलोडाल्टन वजनाचे प्रथिन असून त्याचे तीन भाग पडतात. मधला भाग लक्ष्य पेशीच्या बाह्य पटलावरील एका ठरावीक ग्राही प्रथिनाला (बाहेरचा रेणू पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतो, आरंभीचा भाग रेणूला पटलातून आत नेण्याची व्यवस्था करतो आणि अखेरचा भाग प्रत्यक्ष मारण्याचे काम करतो. तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर यांतल्या पहिल्या दोन भागांत आहे. ई गटातील कोलिसिने ज्या ग्राही प्रथिनाला चिकटतात ते बीटीयूबी हे पेशीने ब-१२ जीवनसत्त्व आत घेण्यासाठी ठेवलेले असते. कोलिसिन बी आणि डी हे फेप-ए या प्रथिनाचा आधार घेतात, ज्याचे मूळ काम लोह वाहून आणणाऱ्या रेणूला आत घेणे हे आहे. कोलिसिन के न्यूक्लिओसाइडे आत घेणाऱ्या प्रथिनावर बसते. म्हणजे पोषणासाठी जे मार्ग उघडे ठेवल्याशिवाय पेशीचे भागत नाही, नेमक्या त्याच मार्गांनी विष येते. पुढे बाह्य पटल ओलांडल्यावरही काम संपत नाही. तिथून आत शिरण्यासाठी टोल किंवा टॉन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या, अंतःपटलाला जोडलेल्या प्रथिनसंचांपैकी एकाची मदत लागते. ग्राही आणि हा संच अशा दोन्ही गोष्टी जुळल्या तरच विष आत पोहोचते, आणि त्या जुळतात त्या फक्त निकटच्या आप्तांमध्ये. स्टॅफिलोकॉकसला तर बाह्य पटलच नसते, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या बशीत काही न दिसणे हेच अपेक्षित होते.

या मर्यादित आवाक्याकडे पुष्कळदा उणीव म्हणून पाहिले जाते. मला ते पटत नाही. ज्या स्ट्रेनला तेच जीवनसत्त्व, तेच लोह आणि तीच जागा हवी असते, तोच सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी असतो. दूरच्या जातींना मारून कोलिसिन बनवणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही.

मारण्याच्या तऱ्हा मात्र विलक्षण वेगवेगळ्या आहेत. ई१, ए, आयए यांसारखी कोलिसिने अंतःपटलात छिद्र पाडतात, त्यातून आयन वाहून जातात, पटलाच्या दोन बाजूंमधील विद्युतविभव कोसळतो आणि पेशीचा ऊर्जासाठा संपतो. ई२, ई७, ई८ आणि ई९ ही डीएनए तोडतात. कोलिसिन एम पेशीभित्तिका बांधण्यासाठी लागणाऱ्या लिपिड-२ या पूर्वद्रव्याचा विध्वंस करते. ई५ आणि डी ही प्रथिननिर्मितीसाठी अमिनो आम्ले आणणारे विशिष्ट टीआरएनए रेणू कापतात, तेही नेमक्या प्रतिकोडॉनच्या, म्हणजे संदेशाशी जुळणाऱ्या भागात. माझ्या मते यांत सर्वांत देखणे ई३. रायबोसोम या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रातील १६एस आरएनएच्या सुमारे दीड हजार घटकांच्या साखळीत ते १४९३ व १४९४ या क्रमांकांमधला एकच बंध तोडते. संदेश वाचण्याचे काम जिथे चालते नेमकी ती ही जागा आहे, त्यामुळे बाकीचा रायबोसोम शाबूत असूनही प्रथिनांची निर्मिती थांबते. पेशी मरण्याच्या वेगाच्या अभ्यासावरून असे दिसते की विषाच्या एका रेणूचा यशस्वी प्रवेशसुद्धा पेशीला पुरतो. चिकटलेला प्रत्येक रेणू आत पोहोचतो असा याचा अर्थ घेऊ नये, बहुतेक वाटेतच अडकतात.

आता दुसरी शंका. कोलिसिनच्या जनुकाशेजारी नेहमी आणखी एक जनुक असते आणि ते इम्युनिटी प्रथिन तयार करते. डीएनए तोडणाऱ्या कोलिसिनांच्या बाबतीत हे छोटे प्रथिन विष तयार होताच त्याच्या मारक भागाला घट्ट बिलगते. गंमत म्हणजे ते उत्प्रेरणाच्या जागेवर न बसता तिच्या लगत बसते आणि डीएनएला जवळ येऊ देत नाही. कोलिसिन ई९ आणि त्याचे आयएम९ यांची पकड ही जीवशास्त्रात मोजल्या गेलेल्या सर्वांत घट्ट प्रथिन-प्रथिन पकडींपैकी एक आहे. त्यांचा वियोजन स्थिरांक (जितका लहान तितकी पकड घट्ट) मीठयुक्त द्रावणातही १०⁻¹⁴ मोलरच्या आसपास येतो. विष पेशीबाहेर जाते तेही या जोडीदारासकट, आणि जोडीदार गळून पडतो तो थेट लक्ष्य पेशीत शिरताना. हेच आयएम९ दुसऱ्या एखाद्या कोलिसिनच्या, उदाहरणार्थ ई२च्या, मारक भागाला लाखो पटींनी सैल धरते, म्हणून एका कोलिसिनपासूनचे संरक्षण सहसा दुसऱ्याविरुद्ध उपयोगी पडत नाही. छिद्र पाडणाऱ्या कोलिसिनांची इम्युनिटी प्रथिने वेगळ्या रीतीने काम करतात. ती विषाला धरून हिंडत नाहीत. अंतःपटलातच ठाण मांडून बसतात आणि बाहेरून आलेल्या विषाला छिद्र उघडू देत नाहीत.


ओघवती:

तिसऱ्या शंकेचे मूळ ‘पेशी’ आणि ‘स्ट्रेन’ यांची सरमिसळ होण्यात आहे. कोलिसिनचे जनुक बाळगणारी प्रत्येक पेशी ते वापरत नाही. एरवी लेक्स-ए नावाचे दमनकारी प्रथिन या जनुकावर बसलेले असते आणि डीएनएला इजा झाल्यावर जी एसओएस यंत्रणा जागी होते तिच्यामुळेच ते बाजूला सरते. प्रयोगशाळेत डीएनएला इजा करणारे मायटोमायसिन-सी घातले की कोलिसिनचे उत्पादन एकदम वाढते ते याच कारणाने. सर्वसाधारण परिस्थितीत कोणत्याही क्षणी वसाहतीतील अगदी थोड्या पेशी या अवस्थेत असतात. त्यांच्यात कोलिसिनबरोबरच एक छोटे लयकारी प्रथिनही तयार होते, ते पेशीचे आवरण सैल करते, आणि पेशी आपला साठा बाहेर टाकून मरते. पण तिच्या भोवतालच्या, त्याच जनुकांच्या असंख्य पेशी मात्र इम्युनिटी प्रथिन सतत अल्प प्रमाणात बनवत राहतात. त्या सुरक्षित असतात आणि वाढत असतात. निवड होते ती त्या जनुकाची, आणि त्याच्या प्रती त्या सर्वांमध्ये आहेत. शिवाय फुटणाऱ्या पेशीच्या डीएनएला बहुधा आधीच इजा झालेली असते, त्यामुळे तिने गमावलेले भवितव्यही निरोगी पेशीएवढे मोलाचे नसते.

तरीही तुमचा आक्षेप उरतोच, कारण मेलेल्या शत्रूंची जागा आणि अन्न बलिदान न करणारा कोणीही पटकावू शकतो. इथे निर्णायक ठरते ती भोवतालची रचना. लिन चाओ आणि ब्रूस लेव्हिन यांनी १९८१ मध्ये कोलिसिन बनवणारा आणि संवेदनशील असे ई. कोलायचे दोन स्ट्रेन एकमेकांसमोर उभे केले, एकदा ढवळलेल्या द्रवात आणि एकदा मऊ आगरमध्ये. द्रवात बनवणाऱ्याचे सुरुवातीचे प्रमाण पुरेसे असेल तरच तो जिंकत असे. तो विरळ असेल तर हरत असे. कारण सरळ आहे. सोडलेले विष साऱ्या चंबूभर पसरून पातळ होते, आणि जे काही शत्रू मरतात त्यांच्या वाट्याचे अन्नही सर्वांना सारखेच मिळते. विष बनवण्याची किंमत मात्र एकट्या बनवणाऱ्यावर पडते. आगरमध्ये प्रत्येक पेशी जिथे पडली तिथेच वसाहत करते, विष वसाहतीभोवती साचते, शत्रूविरहित पट्टा तयार होतो आणि त्या पट्ट्यात झिरपणारे अन्न त्याच वसाहतीला मिळते. म्हणून तिथे बनवणारा अगदी विरळ असला तरी वाढत गेला. तुमच्या बशीतले नितळ वर्तुळ हाच पट्टा आहे, फक्त तुमच्या बशीत त्याचा लाभ घेणारी वसाहत आधीच क्लोरोफॉर्मने मारलेली होती.

यात तिसरा खेळाडू आणल्यावर प्रकरण आणखी रंगतदार होते. काही पेशी विष बनवत नाहीत, पण ग्राही प्रथिन बदलून वा टाकून देऊन विषाला दाद देत नाहीत. त्या विष बनवण्याचा खर्च करत नसल्याने बनवणाऱ्यांपेक्षा वेगाने वाढतात. परंतु ग्राही बिघडवल्याने त्यांचे पोषण काही अंशी अडते, म्हणून त्या संवेदनशील पेशींपेक्षा संथ वाढतात. आणि संवेदनशील पेशींना बनवणारे मारतात. दगड-कागद-कात्री या खेळासारखे प्रत्येक जण एकाला हरवतो आणि एकाकडून हरतो. बेंजामिन केर, मार्गारेट रायली, मार्कस फेल्डमन आणि ब्रेंडन बोहॅनन यांनी २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या तिघांना तीन परिस्थितींत वाढवले होते: हलवत ठेवलेला चंबू, न विस्कटता नव्या बशीवर जसाच्या तसा ठसा उमटवत नेलेली आगर बशी, आणि प्रत्येक वेळी मिसळून पुन्हा पसरलेली बशी. चंबूत आणि मिसळलेल्या बशीवर संवेदनशील पेशी आधी संपल्या, त्यानंतर बनवणारे मागे पडले आणि शेवटी केवळ प्रतिरोधक उरले. न विस्कटलेल्या बशीवर मात्र तिघेही टिकून राहिले. एकाच्या वसाहतींची सीमा दुसऱ्याच्या प्रदेशात सरकत होती आणि तिसऱ्याची पहिल्याच्या, पण कोणीही संपूर्ण बशी जिंकू शकला नाही. दोन वर्षांनी किर्कप आणि रायली यांनी उंदरांच्या आतड्यात वाढवलेल्या स्ट्रेनमध्येही याच प्रकारचे चक्र दाखवले.

तेव्हा ‘हा गुण टिकतो कसा’ या प्रश्नाला ‘कुठे’ ही पुस्ती जोडावी लागते. सतत ढवळल्या जाणाऱ्या द्रवात तो फारसा टिकत नाहीच. जिवाणूंचे बहुतांश जगणे पृष्ठभागांवर, थरांत आणि गुठळ्यांत चालते, जिथे शेजारी सहज बदलत नाहीत.


साशंक:

ओघवती यांचे विवेचन मान्य करूनही दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात, कारण हा सगळा हिशेब पेशीच्या वा स्ट्रेनच्या बाजूने मांडला गेला आहे.

कोलिसिनचे जनुक बहुतेक वेळा गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिडवर, म्हणजे स्वतंत्रपणे प्रती काढणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यावर असते, आणि प्लाझ्मिडचा स्वतःचा स्वार्थ असतो. विभाजनाच्या वेळी एखाद्या पेशीच्या वाट्याला प्लाझ्मिड आले नाही तर विष आणि इम्युनिटी प्रथिन या दोन्हींची जनुके ती एकाच वेळी गमावते. तिच्यात शिल्लक असलेले इम्युनिटी प्रथिन विभाजनागणिक विरळ होत जाते आणि शेजारच्या, कालपर्यंत आपल्याच असलेल्या पेशींनी सोडलेले विष तिला मारून टाकते. प्लाझ्मिड टाकून देणाऱ्याला शिक्षा करण्याची ही यंत्रणा आहे, असेही या साऱ्याकडे पाहता येते. कोलिसिन बाळगणे पेशीला फायद्याचे नसतानाही ते टिकू शकते, कारण ते सोडून देणे त्याहून महाग पडते. जाता जाता सांगतो, ज्या कोल-ई१ प्लाझ्मिडवर कोलिसिन ई१चे जनुक असते, त्याच कुळातील प्रतिकृतीकरणाची यंत्रणा पीबीआर३२२ आणि पीयूसी मालिकेच्या, प्रयोगशाळेत जनुके वाहून नेणाऱ्या प्लाझ्मिडांमध्ये वापरलेली आहे. जनुकांचे क्लोनिंग करणारा जवळजवळ प्रत्येक जण नकळत या विषांच्या वारशावर काम करत असतो.

दुसरे असे की ‘बनवणारा मरतो’ हे विधान सर्व बॅक्टेरिओसिनांना लागू नाही. लॅक्टोकॉकससारखे ग्राम-पॉझिटिव्ह (बाह्य पटल नसलेले) जिवाणू आपली विषे वाहक प्रथिनांमार्फत बाहेर टाकतात आणि जिवंत राहतात. ई. कोलायची मायक्रोसिन नावाची लहान विषेही पेशी न फोडताच बाहेर पडतात. याची सुरुवातच मुळी तिथून आहे: बेल्जियमचे आंद्रे ग्रासिया यांनी १९२५ मध्ये ई. कोलायचा एक स्ट्रेन दुसऱ्याला मारतो हे नोंदवले, त्यातील विषाला पुढे कोलिसिन व्ही म्हटले गेले, आणि आता त्याची गणना मायक्रोसिनांमध्ये होते. म्हणजे या क्षेत्रातले पहिले उदाहरण बलिदानाचे नव्हतेच. उलट टोकाला स्यूडोमोनासची आर-पायोसिने आहेत. ती जीवाणुभक्षी विषाणूच्या डोके नसलेल्या शेपटीसारखी असतात, लक्ष्य पेशीवर बसून आकुंचन पावतात आणि तिच्या आवरणात नळी खुपसतात. ती बाहेर काढण्यासाठी मात्र बनवणाऱ्याला फुटावेच लागते.

काही जिवाणूंनी तर विष सोडून देण्याची पद्धतच टाळली आहे. ई. कोलायच्या एका स्ट्रेनमध्ये २००५ साली सापडलेल्या यंत्रणेत विषाचे टोक पेशीच्या पृष्ठभागावरून बाहेर डोकावत असते आणि शेजाऱ्याचा स्पर्श झाला तरच आत सोडले जाते. पुढच्याच वर्षी व्हिब्रिओ कॉलरा आणि स्यूडोमोनासमध्ये वर्णिलेली सहाव्या प्रकारची स्रावप्रणाली पेशीच्या आतून विषाने माखलेला भाला शेजाऱ्यात खुपसते. या दोन्हींत विष पातळ होण्याचा आणि फुकट्यांना फायदा मिळण्याचा प्रश्न बराचसा मिटतो, पण शत्रू अंगाला भिडलेला असावा लागतो.


जिज्ञासा:

सर्वांचे मनापासून आभार. प्लाझ्मिडच्या बाजूने मी विचारच केला नव्हता. एक नवे निरीक्षण सांगते: तीच बशी आणखी एक दिवस ठेवल्यावर नितळ वर्तुळाच्या आत मोजक्या बारीक, गोल वसाहती उगवल्या आहेत. या प्रतिरोधक पेशी असाव्यात असे मानते, पण त्या नेमक्या कोणत्या प्रकारच्या, हे ओळखण्याची काही साधी रीत आहे का? आणि प्रतिरोध इतक्या सहज येत असेल तर या विषांचा औषध म्हणून उपयोग होईल अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे का?


बशीवाला:

आधी एक खातरजमा करावी. नितळ भाग कोलिसिनमुळे आहे की जीवाणुभक्षी विषाणूमुळे, हे पाहण्यासाठी ठिपक्याचा गाळलेला अर्क दहा-दहा पटींनी पातळ करत संवेदनशील थरावर थेंब-थेंब ठेवावा. विषाणू असेल तर पातळ थेंबांत सुटी सुटी, मोजता येण्याजोगी छोटी छिद्रे दिसतात, कारण एकेक विषाणू आपली संख्या वाढवतो. कोलिसिन वाढत नाही. त्याचा थेंब पातळ होत जाईल तसा फक्त अंधूक होत जातो. आणि क्लोरोफॉर्म वापरताना शक्यतो काचेच्या बश्या घ्याव्यात, पॉलिस्टायरीनच्या बश्या त्यात विरघळतात.

वर्तुळातल्या वसाहती पुन्हा पुन्हा आगरवर रेघा ओढून सुट्या करत शुद्ध कराव्यात आणि मग त्यांची वेगवेगळ्या कोलिसिनांशी गाठ घालून द्यावी. ही रीत जुनीच आहे. पिएर फ्रेडेरिक यांनी १९४० च्या दशकात कोलिसिनांचे गट पाडले ते याच आडव्या-उभ्या चाचण्यांतून. समजा मूळ विष ई९ आहे. तुमची पेशी ई गटातील सर्वच कोलिसिनांना दाद देत नसेल, पण के हे कोलिसिन तिला पूर्वीसारखेच मारत असेल, तर बीटीयूबी ग्राही गेले असण्याची शक्यता सर्वाधिक. ई गटाबरोबर ए आणि के यांनाही ती दाद देत नसेल, पण बी, डी किंवा आयए यांनी मरत असेल, तर टोल संचातील एखादे प्रथिन बिघडले आहे. अशा पेशी डीऑक्सिकोलेटसारख्या पित्तक्षाराला हळव्या होतात, कारण त्यांचे बाह्य पटल गळके झालेले असते. डीऑक्सिकोलेट घातलेल्या आगरवर त्या नीट वाढत नाहीत, तेव्हा ही दुसरी खूण समजावी. आणि पेशी फक्त ई९ ला दाद देत नसेल, बाकी सर्वांनी मरत असेल, तर ती प्रतिरोधक नसून प्लाझ्मिड मिळवलेली, म्हणजे इम्युनिटी प्रथिन असलेली आहे. तुमच्या बशीत ठिपक्यातल्या पेशी मारूनच थर ओतला असल्याने हे घडणे अवघड होते, परंतु क्लोरोफॉर्मला एखादी पेशी पुरून उरली असेल तर अशी वसाहत प्रत्यक्षात मूळ स्ट्रेनचीच निघते. संवेदनशील स्ट्रेनला स्ट्रेप्टोमायसिनविरोधी खूण (त्या प्रतिजैविकात वाढण्याची क्षमता) असेल तर ही शक्यता लगेच निकालात काढता येते.

उपयोगाबद्दल एवढे व्यर्थ वगैरे मानण्याचे कारण नाही. लॅक्टोकॉकस लॅक्टिस बनवत असलेले निसिन हे ३४ अमिनो आम्लांचे विष १९६९ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर खाद्यपरिरक्षक म्हणून मान्य आहे, अमेरिकेत १९८८ पासून, आणि खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ते ई२३४ या क्रमांकाने येते. इतकी वर्षे वापरूनही त्याचा प्रभाव टिकून आहे, त्यामागे एक कारण असे की त्याचे लक्ष्य प्रथिन ग्राही नसून लिपिड-२ हा भित्तिकेचा पूर्वद्रव्य रेणू आहे. प्रथिन बदलायला एक उत्परिवर्तन पुरते, पण लिपिड-२ अनेक एन्झाइमांच्या साखळीतून बनते आणि त्याच्या ज्या पायरोफॉस्फेट भागाला निसिन धरते तो बदलणे जिवाणूला जवळजवळ अशक्य असते. शिवाय निसिन त्याच रेणूला धरून भित्तिकेचे बांधकामही अडवते आणि पटलात छिद्रही पाडते. अर्थात ई. कोलायसारख्या ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंचे बाह्य पटल त्याला आत येऊ देत नाही, म्हणून त्यांच्यावर ते एकटे निरुपयोगी ठरते. कोलिसिनांचे उलट आहे: ती बाह्य पटल ओलांडतात, पण ग्राही गमावलेल्या पेशींपुढे हतबल होतात. म्हणून त्यांचा वापर करायचा तर वेगवेगळ्या ग्राहींवर बसणारी दोन-तीन एकत्र द्यावी लागतील. आर-पायोसिनांच्या शेपटीच्या टोकाचे तंतू बदलून त्यांना वेगळ्या जिवाणूंवर वळवण्याचे प्रयोगही यशस्वी झालेले आहेत. या सगळ्यांची निवडक वृत्ती आतड्यातील इतर जिवाणूंना वाचवते, मात्र रोगकारक स्ट्रेन नेमका कोणता हे आधी ओळखावे लागते, आणि माझ्या मते खरी अडचण प्रतिरोधापेक्षा याच पायरीवर आहे.

साशंक यांच्या प्लाझ्मिडच्या मुद्द्याला धरून एक उदाहरण परिसंवादात जरूर घ्यावे. फळझाडांच्या मुळांवर व खोडाच्या बुंध्यावर गाठी आणणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियमविरुद्ध, ऑस्ट्रेलियातील ॲडिलेडचे ॲलन केर यांनी के८४ हा निरुपद्रवी स्ट्रेन १९७० च्या दशकात वापरात आणला (२००२ च्या प्रयोगातील केर वेगळे). तो ॲग्रोसिन ८४ नावाचे विष बनवतो. हे विष प्रथिन नाही, न्यूक्लिओटाइडसारखा रेणू आहे, पण युक्ती ओळखीचीच आहे: रोगकारक जिवाणू गाठीतून मिळणारे खास अन्न ज्या वाहकाने आत घेतो, त्याच वाहकाने तो हे विषही आत घेतो. रोपांची मुळे लागवडीपूर्वी के८४ च्या द्रावणात बुडवली की गाठी येत नसत. धोका एवढाच होता की विष आणि त्यापासूनचे संरक्षण यांची जनुके एकाच प्लाझ्मिडवर होती आणि ते प्लाझ्मिड संयुग्मनाने (दोन पेशी थेट जोडल्या जाऊन) रोगकारक जिवाणूत जाऊ शकत होते. तसे झाले असते तर रोगकारकालाच कायमचे कवच मिळाले असते. म्हणून प्लाझ्मिडचा हस्तांतरणाला आवश्यक असलेला तुकडा कापून के१०२६ हा स्ट्रेन तयार केला गेला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात त्याच्या वापराला परवानगी मिळाली. तो विष पूर्वीसारखेच बनवतो, पण त्याचे कवच त्याच्याजवळच राहते.